बंड्याचा पिंजरा इतक्यात उघडू नका

नमस्कार डॉक्टर,

आमचा बंड्या पाच वर्षांचा डॅशहंड आहे. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी त्याने दिवाणावरून उडी मारली आणि असा केकाटला की शेजारचे धावत आले. मागचे दोन्ही पाय लटपटत होते. रात्री जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे काढला. पाठीच्या मणक्यांमधली गादी सरकली असावी, पण चालतोय, पायांत संवेदना आहे, म्हणून ऑपरेशनची घाई नको, चार आठवडे पिंजऱ्यात ठेवा, असं सांगितलं. मेलॉक्सिकॅम आणि गॅबापेंटिन सुरू आहे. तपासताना डाव्या गुडघ्याची वाटीही सरकते असं निघालं, कागदावर ‘ग्रेड 2’ लिहिलंय. वजन 9 किलो 400 ग्रॅम भरलं, आठ किलोपर्यंत आणा म्हणाले.

आज अकरावा दिवस. बंड्या ठणठणीत वाटतो. पिंजऱ्यात उड्या मारतो, रडतो, रात्री झोपू देत नाही. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाला तुरुंगात टाकलंय, पाप लागेल. दुपारी मी ऑफिसला असताना त्या त्याला बाहेर काढतात, हे मला मुलाकडून कळलं. मिस्टर अंबडला कंपनीत, त्यांची शिफ्ट. शेजारचे काका सांगतात, तिळाच्या तेलाने मालिश करा, विटेने शेका, गोदावरीत पोहायला न्या. आता त्याला सोडू का? व्यायाम कधी सुरू करायचा? गुडघ्याचं काय करायचं? आणि दिवाळीला निफाडला माहेरी जायचं ठरलंय. तो येऊ शकेल का?

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई, नमस्कार.

नाही, सोडू नका. तुमच्या बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं सावकाश देते, पण हे आधी. आज संध्याकाळी घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे दुपारचं ते बाहेर काढणं थांबवायचं. बंड्या ठणठणीत वाटतोय हेच मला तुमच्या पत्रात सगळ्यात काळजीचं वाटलं.

त्याचं कारण असं. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते तिचं बाहेरचं कडं चिवट असतं आणि आत मऊ गर असतो. डॅशहंडमध्ये हा गर फार लवकर सुकतो, पहिला वाढदिवस होईपर्यंतच त्याची सुरुवात झालेली असते, आणि पुढे त्यात कॅल्शियम साठून तो टणक होत जातो. हे त्याच्या जातीतच आहे. आखूड पाय ज्या प्रकारच्या जनुकीय बदलामुळे आले, तशाच दुसऱ्या एका बदलाचा या गादीच्या आजाराशी संबंध असल्याचं 2017 मध्ये सापडलं. दर चार-पाच डॅशहंडांत एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, आणि बहुतेकांना तीन ते सात वर्षांच्या वयात. म्हणजे दिवाणावरची उडी हे निमित्त झालं, गादी आधीच तयार होती. तेव्हा ‘मी त्या दिवशी दिवाणावर घेतलंच नसतं तर’ हा विचार मनात घोळत असेल तर तो सोडून द्या.

उडीच्या वेळी कडं फाटलं आणि आतला टणक गर वर मज्जारज्जूवर जाऊन आदळला. तिथे सूज आली, म्हणून पाय लटपटले. मेलॉक्सिकॅमने ती सूज चार-सहा दिवसांत उतरते, गॅबापेंटिनने वेदना बोथट होते, आणि कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो. फाटलेलं कडं मात्र अजून उघडंच असतं. ते भरून यायला आठवडे लागतात आणि त्याला वेगात आणणारं कुठलंही औषध नाही. स्लॅब टाकल्यावर दुसऱ्या दिवशी वरून टणक लागतो म्हणून कुणी सेंटरिंग काढत नाही, तसंच हे. अकराव्या दिवशी एक उडी, दारावरच्या बेलला एक झेप, आणि उरलेला गर बाहेर. पहिल्या वेळी लटपटलेले पाय दुसऱ्या वेळी पूर्ण लुळे पडू शकतात. दुखणं थांबल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पडलेली कुत्री आम्ही सगळेच पशुवैद्य बघतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी घरचे म्हणतात, ‘अहो, तो तर छान झाला होता.’

तेव्हा चार आठवडे म्हणजे चार आठवडे, तेही कमीत कमी. पिंजरा हेच मुख्य औषध आहे, गोळ्या ते सुसह्य करायला आहेत.

आता सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं चुकत असलं तरी त्यांना बंड्याची माया आहे, आणि दुपारभर घरात त्याच असतात. त्यांना न पटलेली गोष्ट तुम्ही ऑफिसातून राबवू शकणार नाही. पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर न्या. डॉक्टरांना सांगा, आईंना एक्स-रे दाखवून समजवा. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात किती फरक पडतो ते तुम्ही जाणताच. आणि मग त्यांना नुसतं ‘काढू नका’ म्हणू नका, काम द्या. दुपारचं जेवण त्यांनी पिंजऱ्याजवळ बसून हाताने भरवायचं. एखाद्या जुन्या टॉवेलमध्ये त्याचं खाणं घालून गुंडाळी करायची, तो नाकाने उलगडत बसतो, अर्धा तास जातो. रबराच्या पोकळ खेळण्यात घट्ट दही भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि तीन वाजता द्यायचं. त्या पोथी वाचत असतील तर पिंजऱ्याशेजारी बसून वाचू दे. कुत्र्याला जागा कमी पडल्याचं जितकं दुःख असतं त्याहून जास्त एकटं पडल्याचं असतं. पिंजरा बेडरूमच्या कोपऱ्यातून हॉलमध्ये आणा, जिथून माणसं दिसतील.

एवढं करूनही तो दिवसभर उड्या मारत असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. झोप आणणारं नव्हे, पण घबराट कमी करणारं औषध काही आठवड्यांसाठी देता येतं, आणि गॅबापेंटिनचं प्रमाणही बघता येतं. पिंजऱ्यात उड्या मारणारा कुत्रा विश्रांती घेत नसतो, तो बंद जागेत व्यायाम करत असतो.

पिंजरा केवढा हवा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण उड्यांचा उल्लेख वाचून शंका आली. त्यात त्याला उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, बस. डॅशहंडला साधारण तीन फूट बाय दोन फूट पुरतो. त्याहून मोठा प्लेपेन, म्हणजे जाळीचं मोकळं कुंपण असेल तर तो दोन पावलं पळून झेपावणार. बाजूंना पुढचे पाय टेकवून मागच्या दोन पायांवर उभं राहणं हे त्याच्या पाठीला सगळ्यात वाईट. वरून झाकण हवं, आणि दाराच्या बाजूला पुठ्ठा किंवा चादर लावून बाहेरची हालचाल दिसणं कमी करा. खाली घसरणार नाही असं काहीतरी, त्यावर पातळ पण घट्ट गादी. ऐसपैस मऊ उशी नको, त्यात पाय रुततात आणि उठताना पाठ मुरडते. आणि दारावरची बेल महिनाभर बंदच ठेवा. कुरिअरवाला फोन करेल.

शी-सूसाठी उचलून न्यायचं, हिरवळीवर ठेवायचं, छातीभोवती बांधायचा हार्नेस आणि त्याला आखूड पट्टा, पाच मिनिटांत उचलून परत. गळ्यातला पट्टा सध्या काढून ठेवा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली, पाठ जमिनीला समांतर. काखेत हात घालून लहान मुलासारखं उभं उचलायचं नाही. मुलाला हे शिकवा, नुसतं सांगू नका; एकदा तुमच्यासमोर उचलायला लावा. लिफ्ट बंद असेल तर जिना तुम्ही चढायचा, त्याने नाही.

घरात तुमच्याकडे गुळगुळीत टाइल्स असणार, हल्ली सगळीकडे त्याच. छोट्या कुत्र्याच्या पाठीचा आणि गुडघ्याचा तो मोठा शत्रू आहे, कारण घसरू नये म्हणून प्रत्येक पावलाला तो अंग आवळतो आणि वळताना मागचे पाय बाहेर फाकतात. पायपुसण्यांच्या दुकानात खालून रबर असलेली लांब पट्टी मीटरवर मिळते, ती पिंजऱ्यापासून दारापर्यंत आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत टाका. जुन्या योगा मॅट चालतील. सतरंजी मात्र नको, ती त्याच्यासकट सरकते. त्याची नखं कापा आणि पंजाच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस छाटा. फुकटचं काम आहे, आणि फरक लगेच दिसतो.

शेजारच्या काकांकडे वळू. तेलाच्या मालिशने फाटलेलं कडं भरत नाही. अनोळखी हाताने पाठीवर दाबून चोळलं तर नुकसान होऊ शकतं, आणि अंगाला लावलेलं सगळं तेल कुत्रा चाटतो. कापूर, निलगिरी घातलेली बाम तर अजिबात नकोत, ती पोटात गेली की विषारी ठरतात. सासूबाईंना पाठीवरून हलका हात फिरवायचा असेल तर खुशाल फिरवू द्या, मणक्याच्या रेषेवर दाब न देता, कोरड्या हाताने. विटेचा शेक नको. ज्या भागाची संवेदना थोडी जरी कमी असेल तिथे चटका बसला तरी कुत्रा हलत नाही, आणि कातडी सोलल्यावर आपल्याला कळतं. डॉक्टर हो म्हणाले तर कोमट पाण्यात पिळलेला नॅपकिन मांडीच्या स्नायूंवर पाच-दहा मिनिटं ठेवा. आधी आपल्या मनगटावर लावून बघा.

आणि काकांच्या घरातली अंगदुखीची गोळी. त्यांनी अजून सुचवली नसेल तर सुचवतील. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, त्यांची जेल आणि स्प्रे, यांतलं काहीही नाही. कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं बंद पडतात. पॅरासिटामॉलसुद्धा स्वतःच्या अंदाजाने नाही. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर आपल्याकडे 2006 पासून बंदी आहे, ती गिधाडांमुळे. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जायचं आणि गिधाडं मरायची. अंजनेरीच्या कड्यावर आज गिधाडं दिसतात तेव्हा मला ते आठवतं. पण कुत्र्याला ते आधीही चालत नव्हतंच.

औषधांबाबत एक काम आजच करा. पहिल्या रात्री दिलेलं इंजेक्शन कुठलं होतं, हे त्या दवाखान्यात फोन करून विचारा आणि फाइलमध्ये लिहून ठेवा. ते स्टेरॉइड असेल तर तुमच्या आत्ताच्या डॉक्टरांना लगेच कळवा. स्टेरॉइड आणि मेलॉक्सिकॅमसारखी औषधं एकत्र किंवा लगोलग दिली तर जठराला भोक पडण्यापर्यंत मजल जाते, आणि काही स्टेरॉइड इंजेक्शनं अंगात आठवडेच्या आठवडे राहतात. तुम्ही दवाखाना बदललात यात काही वावगं नाही, फक्त दुसऱ्याला पहिल्याचं माहीत नसतं. शी काळी आणि चिकट झाली, उलट्या झाल्या, खाणं सुटलं, तर पुढचा डोस न देता फोन करायचा. मेलॉक्सिकॅम नेहमी जेवणावर. ते अजून किती दिवस द्यायचं आहे हेही विचारा, कारण ही गोळी बरं वाटतंय म्हणून आपली आपण चालू ठेवायची नसते.

वजनाचं तुमच्या डॉक्टरांनी एका ओळीत सांगितलं, मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पाठ आणि गुडघा या दोन्हींवर तुमच्या हातात असलेला सगळ्यात मोठा इलाज हाच आहे. 9 किलो 400 म्हणजे त्याच्या योग्य वजनापेक्षा 17-18 टक्के जास्त. साठ किलोच्या माणसाने अकरा किलो वजन कायम पाठीला बांधून फिरावं तसा प्रकार. आठ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला साधारण 330 कॅलरी लागतात आणि बंड्या सध्या नेमकं तेच करतोय. एका ग्लुकोज बिस्किटात वीसेक कॅलरी असतात. चहाबरोबर सासऱ्यांनी दोन, सासूबाईंनी दोन, मुलाने शाळेतून आल्यावर एक, की त्याच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला, जेवण अजून व्हायचंय. तूप लावलेली एक पोळी याहून जास्त. त्याचं दिवसाचं खाणं सकाळी एका डब्यात मोजून काढा, दिवसभर जे द्यायचं ते त्यातूनच. वरखर्चाला काकडी, गाजर, उकडलेली फरसबी. बहुतेक कुत्री काकडी आनंदाने खातात, त्यांना फक्त कुरकुर आवाज हवा असतो. दर पंधरा दिवसांनी वजन करा. बंड्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. आठवड्याला शंभरेक ग्रॅमने उतरलं तरी मला आनंद आहे, उपाशी ठेवून घाईने उतरवायचं नाही. ग्लुकोसामाइनच्या गोळ्या कुणी सुचवतील. त्यांचा पुरावा तोकडा आहे, गादीवर तर काहीच उपयोग नाही. पैसे असतील आणि मनाला बरं वाटत असेल तर द्या, पण बिस्किटं बंद करण्याऐवजी नव्हे.

आता व्यायाम. पहिले चार आठवडे काही नाही. चौथ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांना दाखवायचं, आणि त्यांनी मान डोलावली की पट्ट्यावर चालणं सुरू. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटं, सपाट गवतावर, इतकं सावकाश की चारही पाय एकेक करून टाकले जातील. वेगात चालणारा कुत्रा दुखरा पाय लपवतो, सावकाश चालणाऱ्याला तो वापरावाच लागतो. तुमच्याकडे सोसायटीची हिरवळ असेल तर उत्तम, नाहीतर कॉलनीतली एखादी बाग, सकाळी मोकाट कुत्री नसतात त्या वेळी. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. त्या दिवशी रात्री किंवा दुसऱ्या सकाळी तो आखडलेला वाटला तर आदल्या आठवड्यावर परत या. चालणं जमलं की पुढे बस-ऊठ: गवतावर सरळ बसवायचं, काकडी दाखवून उठवायचं, पाच वेळा. मांडीचे स्नायू याने भरतात, आणि हाच व्यायाम गुडघ्यालाही लागू आहे. नंतर केरसुणीचा दांडा जमिनीवर आडवा ठेवून त्यावरून पाऊल टाकत न्यायचं. पंजा किती उचलतो, कुठला घासतो, ते तिथे लगेच दिसतं. चालताना नखं रस्त्यावर घासल्याचा आवाज येतो का ते कान देऊन ऐका, आणि मागच्या नखांची वरची बाजू झिजली आहे का बघा. दोन महिन्यांपर्यंत उडी, जिना, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती यातलं काहीही नाही.

पोहण्याबद्दल काकांचं अर्धं बरोबर आहे. पाण्याचा उपयोग होतो, पण तो काचेच्या टाकीतल्या पाण्याखालच्या ट्रेडमिलवर, फिजिओथेरपी जाणणाऱ्या पशुवैद्याच्या देखरेखीत. पाणी खुब्यापर्यंत असलं की कुत्र्याच्या पायांवर त्याच्या वजनाचा फक्त 38 टक्के भार येतो, आणि चाल मात्र खरी राहते. नदीत सोडलेला डॅशहंड डोकं वर काढण्यासाठी पाठ वाकवतो आणि घाबरून पाय झाडतो. गोदावरीच्या पाण्याविषयी मी नाशिककरांना काय सांगू, तुम्ही रोज बघताच.

गुडघ्याचं ओझं सध्या डोक्यावरून उतरवा. वाटी सरकण्याच्या चार ग्रेड असतात. दुसऱ्या ग्रेडमध्ये ती अधूनमधून खाचेतून बाहेर जाते आणि परत येते; कुत्रा दोन-चार पावलं तीन पायांवर उडत जातो, पाय झटकतो, आणि काही झालंच नाही असा चालू लागतो. पॉमेरेनियन, चिवावा या छोट्या जातींत तर हे इतकं दिसतं की लोकांना ती त्यांची सवयच वाटते. ग्रेड दोनची सगळीच कुत्री ऑपरेशनला जात नाहीत. वारंवार लंगडत असेल, दुखत असेल, किंवा तिसऱ्या-चौथ्या ग्रेडकडे जात असेल तर विचार करायचा, आणि तोही पाठ सावरल्यावर. एक लक्षात असू द्या: गुडघ्यामुळे लंगडतो तेव्हा एकच पाय उचलला जातो, पाठीमुळे बिघडतं तेव्हा मागचा सगळा भाग डुलतो किंवा पंजा उलटा पडून त्याच्या वरच्या बाजूवर पाऊल टाकलं जातं. अचानक एक पाय टेकायचाच बंद केला आणि दोन दिवसांत सुधारणा नाही, तर गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा बंध तुटल्याची शंका घ्या. वाटी सरकणाऱ्या कुत्र्यांत तसं होतं.

या सगळ्यापेक्षा निकडीचं म्हणजे पाठ पुन्हा बिघडली तर काय करायचं, हे आधी ठरवून ठेवणं. रात्री दोन वाजता ठरवता येत नाही. या आजाराच्या पाच पायऱ्या मानतात: नुसतं दुखणं, लटपटत चालणं, चालता न येणं पण पाय हलवता येणं, पाय पूर्ण लुळे पण खोलवरची वेदना शाबूत, आणि शेवटी तीही गेलेली. बंड्या दुसऱ्या पायरीवर होता. तिसऱ्या पायरीपासून पुढे एमआरआय आणि ऑपरेशनचा विचार करायचा. एक्स-रेत मज्जारज्जूवरचा दाब दिसत नाही, त्यामुळे नेमकी जागा कळायला एमआरआय किंवा सीटी लागतो. खोल वेदना शाबूत असताना ऑपरेशन झालं तर दहापैकी नऊच्या आसपास कुत्री पुन्हा चालतात. ती गेल्यावर ऑपरेशन केलं तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं, आणि ऑपरेशनही केलं नाही तर आशा फारच थोडी. त्यामुळे पाय लुळे पडलेत असं दिसलं तर ‘सकाळी बघू’ नाही. घरी बोट चिमटून परीक्षा घेत बसू नका. चिमटल्यावर पाय मागे घेतला म्हणजे संवेदना आहे असं नव्हे, ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते. कुत्र्याने वळून बघितलं, केकाटला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली. हे ठरवणं डॉक्टरांचं काम. बारा तासांत सू झाली नाही, पोट खाली टणक लागलं, किंवा सू नुसती ठिबकत राहिली, तरीही लगेच निघा. ठिबकणं म्हणजे मूत्राशय भरून वाहतंय, रिकामं होत नाही.

तेव्हा पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. मणक्याचं ऑपरेशन लागलंच तर ते कुणाकडे पाठवतील, तिथे रात्री कुणी असतं का, आणि साधारण खर्च किती. नाशिकहून मुंबई सुमारे 170 किलोमीटर, वाटेत कसारा घाट. पुणं 210 च्या आसपास. मुंबईत परळला 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय 2024 मध्ये सुरू झालं. पण जायच्या आधी फोन करून त्या दिवशी एमआरआय आणि सर्जन दोन्ही आहेत का, हे विचारल्याशिवाय गाडी काढू नका. खर्चाचं आधी बोलून घ्या म्हणते ते अशासाठी, की हा आकडा मोठा असतो आणि घरात सगळ्यांची त्यावर एकवाक्यता असतेच असं नाही. ऑपरेशन न परवडणं हा गुन्हा नाही. पण तो निर्णय शांतपणे जेवणाच्या टेबलावर व्हावा.

अ‍ॅक्टिवाच्या पायाशी बसवून बंड्याला नेत असाल तर ते आता कायमचं बंद. पुढचे पाय वर, मागचे खाली, आणि खाली आपले रस्ते. गाडीत न्यायचं तर टोमॅटोची प्लॅस्टिकची कॅरेट मिळवा, नाशिककराला ती शोधावी लागत नाही. तळाला घडी घातलेली गोधडी, मागच्या सीटवर बेल्टने घट्ट बांधलेली, वर एक माणूस हात ठेवून. राहायला ती लहान पडेल, प्रवासापुरती छान. रिक्षात मांडीवर घेण्यापेक्षा शंभर पटीने बरी.

दिवाण आणि सोफा यांचा प्रश्न तीन महिन्यांनी पुन्हा येणारच आहे, कारण डॅशहंडला ‘वर यायचं नाही’ हे पटवून दिलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही. सुताराकडून उतार करून घ्या. दीड फूट उंचीच्या दिवाणाला साडेचार फूट लांबीचा तरी हवा, वर कार्पेट ठोकलेलं, दोन्ही बाजूंना दोन बोटं उंचीची पट्टी. आखूड आणि उभा उतार केला तर तो त्यावरून उडीच मारेल. औषध-विश्रांतीवर बऱ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांत हा त्रास परत उद्भवतो, त्याच गादीत किंवा शेजारच्या. तेव्हा हा उतार महिनाभरासाठी नव्हे, आयुष्यभरासाठी.

राहिलं निफाड. दिवाळीला साधारण सहा आठवडे झालेले असतील. चौथ्या आठवड्याची तपासणी नीट गेली, पट्ट्यावरचं चालणं सुरळीत असलं, तर तासाभराचा प्रवास त्याला झेपेल, पण पिंजरा बरोबर जायला हवा. तिथे ओटा असेल, पायऱ्या असतील, गोठ्यातली वासरं, मळ्यातली कुत्री, आणि संध्याकाळी फटाके. फटाक्याच्या पहिल्या आवाजाला बंड्या उंबऱ्यावरून झेप घेणार हे धरून चाला. अंधार पडायच्या आत त्याला आतल्या खोलीत पिंजऱ्यात, खिडक्या बंद, टीव्ही चालू, कुणीतरी जवळ. आवाजाची भीती फार असेल तर त्यासाठीचं औषध नाशिकहूनच घेऊन जा. घरात पाहुण्यांची पोरं असतील तर त्यांना आधीच सांगा, त्याला उचलायचं नाही.

आणि तुमच्या माहेरी ज्या दोन गोष्टींची रेलचेल, त्या दोन्ही कुत्र्याला विषारी. कांदा, कच्चा असो की रश्श्यातला, रक्तातल्या पेशी फोडतो. द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील याचा भरवसा नाही. एखाद्याला थोडेही पुरतात. कांदाचाळीत साठवलेला कांदा तो सहसा खाणार नाही, पण चिवड्यातले, लाडवातले बेदाणे फराळाच्या ताटातून त्याच्या तोंडात नक्की पडतील, कारण तुमच्याकडेही एक आजी असतीलच. त्यांच्या हातात आधीच काकडीच्या चकत्यांचा डबा देऊन ठेवा. बेदाणे खाल्लेच, तर लक्षणांची वाट न बघता त्याच तासाला डॉक्टरांना फोन करायचा.

चौथ्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांनी जरा जरी नाक मुरडलं, तर या वर्षी एक जण बंड्यापाशी घरी थांबा. मिस्टरांची शिफ्ट असेल तर ते आयतेच आहेत.